न दुखणाऱ्या जखमेची गोष्ट

एक गृहस्थ संध्याकाळी घरी येतात, दारात चपला काढतात आणि आत जाऊन पंख्याखाली बसतात. दोन मिनिटांनी सून विचारते, "बाबा, फरशीवर हे लाल कसलं?" दारापासून खुर्चीपर्यंत डाव्या पायाचे ठसे उमटलेले असतात, रक्ताचे. चप्पल उलटी करून पाहावी तर तळातून खिळा आरपार वर आलेला. तो सकाळीच कधीतरी घुसला होता. त्यानंतर बँक, मंडई, मित्राचं घर, सगळं त्या खिळ्यावरूनच चालत झालं. दुखलं नाही? "छे, काहीच नाही!"

मधुमेहींचे पाय बघणाऱ्या कुठल्याही डॉक्टरांना विचारा, या धर्तीचा एखादा किस्सा त्यांच्याकडे असतोच. कधी खिळ्याच्या जागी टाचणी असते, कधी खडी, कधी नातवाच्या खेळण्यातलं चाक.

आता स्वतःला आठवून बघा. बुटात वाळूचा एक कण गेला तरी आपण भर रस्त्यात एका पायावर उभे राहून बूट झटकतो. मग या बाबांना खिळा कसा कळला नाही? आणि दुसरं कोडं याहून मोठं. तुमची-माझी अशी जखम दोन-तीन आठवड्यांत भरून येईल. त्यांची महिनोन्‌महिने का रेंगाळते?

ही दोन कोडी म्हणजे एकाच गाठीची दोन टोकं आहेत. गंमत अशी, की ही गाठ पहिल्यांदा मधुमेहाच्या दवाखान्यात उकलली नाही. ती उकलली भलत्याच ठिकाणी, भलत्याच रोगाच्या वस्तीत. पण तिथे पोचण्याआधी साधी जखम कशी भरते, ते पाहू. हा चमत्कार रोजचाच, म्हणून आपण त्याच्याकडे कधी बघितलेलंच नसतं.

कांदा चिरताना बोट कापलं. रक्ताच्या एका थेंबात प्लेटलेट नावाच्या कोटीभर चकत्या तरंगत असतात. कापलेल्या रक्तवाहिनीची कड लागताच त्या चिकट होतात, एकमेकींना बिलगतात आणि भोकाला बूच बसवतात. पाठोपाठ रक्तातलंच एक विरघळलेलं प्रथिन धाग्यांत बदलतं आणि त्या बुचावर जाळं विणतं. वाहतं रक्त नेमकं हवं तिथे, हवं तेवढंच घट्ट होतं. इकडे तुम्ही अजून हळदीचा डबा शोधताय!

मग कामगार यायला लागतात. पडक्या वाड्याच्या जागी नवं घर बांधायचं असेल तर आधी कोण लागतं? राडारोडा उचलणारे. काही तासांतच पांढऱ्या पेशींची पहिली टोळी पोचते आणि जंतू, मेलेल्या पेशी गिळायला लागते. दोन-तीन दिवसांनी येतो मुकादम. शास्त्रज्ञ त्याला मॅक्रोफेज म्हणतात, आपण मुकादमच म्हणू. सुरुवातीला त्याचा एकच हुकूम असतो: पाडा, झाडा, साफ करा. जागा स्वच्छ झाली, की तोच मुकादम आवाज बदलतो आणि म्हणतो: आता बांधा.

त्या हुकमासरशी गवंडी पेशी कोलॅजनचे धागे टाकू लागतात. नवीन केशवाहिन्या फुटतात, जणू बांधकामावर पाण्याची नळजोडणी. जखमेच्या तळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखा लालबुंद, दाणेदार थर दिसतो ना, तो म्हणजे हजारो नव्या केशवाहिन्यांची टोकं. काही पेशींना तर चक्क स्नायूंसारखं आकुंचन करता येतं. त्या जखमेच्या कडा आत ओढून घेतात. शेवटी कडेच्या त्वचेतल्या पेशी एकमेकींचा हात सोडून जखमेच्या पृष्ठभागावरून सरपटत निघतात आणि पलीकडच्या पेशी भेटल्या की थांबतात. थांबायचं कधी, हेसुद्धा त्यांना ठाऊक असतं! व्रण राहतो, मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्के ताकदीपर्यंत पोचतो आणि महिनोन्‌महिने आतून दुरुस्त होत राहतो.

एवढं सगळं फुकटात चाललेलं असतं. मग साखर यात काय बिघडवते?

एक अंदाज करा. तुमच्या अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती असेल? वाटीभर? मूठभर? उत्तर आहे एक चमचा. शंभर मिलिलिटर रक्तात शंभर मिलिग्रॅम, म्हणजे पाच लिटरमध्ये फक्त पाच ग्रॅम. चहात आपण जेवढी सहज टाकतो तेवढी. रिपोर्टवर ३०० आलं, तर तीन चमचे. दोन चमचे जादा, बस. पण हे दोन चमचे वर्षानुवर्षं राहिले, तर काय होतं ते बघा.

तव्यावर पोळीला जे तपकिरी डाग पडतात, कांदा परतताना जो खरपूस रंग येतो, त्यामागे साखर आणि प्रथिनं यांचं एकमेकांना चिकटणं असतं. तव्यावर ते मिनिटांत होतं. शरीराच्या ३७ अंशांवर तीच प्रक्रिया अतिशय सावकाश चालते. म्हणजे आपण सगळेच मंद आचेवर भाजले जात असतो! तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी म्हणजे दुसरं काय? रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, त्याचाच हिशोब. साखर जास्त, तर चिकटणं जास्त. कोलॅजन ताठर होतं, रक्तवाहिन्यांच्या भिंती कडक होतात, पायाकडे जाणारा रक्ताचा ओघ आटतो.

जखमेवर आलेले कामगारही बिघडतात. जंतू गिळणाऱ्या पेशी सुस्तावतात. आणि मुकादम? तो पहिल्याच हुकमावर अडकून पडतो. जागा साफ झाली तरी त्याचं "पाडा, पाडा" चालूच. कोलॅजन तोडणारी रसायनं वाहत राहतात. गवंड्यांनी दिवसा रचलेली भिंत रात्री पाडली जाते. तेवढ्यात जंतू जखमेवर चिकट बुळबुळीत चादर पांघरून तिच्याखाली घर करतात, आणि त्या चादरीतून औषधही नीट आत शिरत नाही. जखमेचं घड्याळ तिसऱ्या दिवसावर बंद पडतं. कॅलेंडरवर तिसरा महिना उजाडलेला असतो.

तरीही एक प्रश्न उरतोच. मधुमेह सगळ्या अंगात आहे. मग जखमा नेमक्या पायालाच का?

याचं उत्तर शरीरातल्या सगळ्यात लांब पेशींत आहे. अंगठ्याला काही टोचलं, ही बातमी वर नेणारी मज्जापेशी कुठे राहते? अंगठ्यात राहत नाही. तिचं घर कमरेपाशी, मणक्याच्या शेजारी. तिथून तिची एकच एक फांदी पार अंगठ्यापर्यंत येते, जवळजवळ एक मीटर! आणि ते घर केवढं? मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढं. प्रमाण लक्षात येण्यासाठी पेशीचं घर दहा मीटर रुंद आहे असं समजा आणि ते पुण्यात ठेवा. मग तिची फांदी दोनशे किलोमीटर लांब होईल. सातारा गेलं, कराड गेलं, कोल्हापूर जवळ आलं, तरी ती एकच पेशी!

एवढ्या लांबच्या टोकाला रसद कोण पुरवतं? पेशीच्या आत रूळ टाकलेले असतात आणि त्यांवरून कायनेसिन नावाचं प्रथिन पाठीवर गाठोडं घेऊन, अक्षरशः एकापुढे एक पाऊल टाकत चालतं. एक पाऊल आठ नॅनोमीटरचं. कमरेपासून अंगठ्यापर्यंत साडेबारा कोटी पावलांची वारी, दोन-तीन दिवसांत! ज्याच्या जोरावर आपल्याला आपली पावलं जाणवतात, तोच मुळी आत पायी चालतोय.

वाट जितकी लांब, तितकी ती मोडायची भीती जास्त. साखर आणि आटलेला रक्तपुरवठा यांचा फटका म्हणून सर्वांत लांब मज्जातंतूंना आधी बसतो. मुंग्या येतात, जळजळ होते आणि मग हळूहळू सगळं शांत. बधिरपणा बोटांपासून सुरू होऊन मोज्यासारखा वर चढतो. घाम आणणारे तंतू गेले, की कातडी कोरडी पडते, भेगा फुटतात. पायातले छोटे स्नायू दुबळे झाले, की बोटं वाकतात आणि चवड्याखालच्या हाडांवर भार वाढतो. आणि माणूस म्हणतो, "आता पाय दुखायचा थांबला, बरं वाटतंय."

इथे थोडं मागे जाऊ, बरंच मागे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात एक यादी आहे: कोणाच्या जखमा मोठ्या कष्टानं भरतात? त्या यादीतल्या एकाच श्लोकात, एकाच ओळीत दोन नावं येतात, कुष्ठी आणि मधुमेही. जखमेवर साठ उपक्रम सांगणाऱ्या त्या ग्रंथकारानं हे बघितलं होतं, टिपून ठेवलं होतं. कुष्ठ या जुन्या शब्दात त्वचेचे इतरही विकार येत, हे खरं. पण एक जंतूंचा आजार आणि एक साखरेचा, यांचं एका ओळीत काय काम? या शेजाराचा अर्थ नीट उलगडायला विसावं शतक उजाडावं लागलं. आणि तो उलगडला भारतातच.

पॉल ब्रँड हे शल्यविशारद १९१४ साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांत एका मिशनरी जोडप्याच्या पोटी जन्मले. इंग्लंडमध्ये शिकून १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरुग्णांचे वाकडे हात, झडलेली बोटं बघून चक्रावले. तेव्हा सगळीकडे समज असा होता, की कुष्ठरोगात मांसच नासतं, बोटं आपोआप गळून पडतात, म्हणून जखमा भरत नाहीत. आनंदवनामुळे मराठी वाचकाला हे बधिर हातपाय परके नाहीत. पण ते बधिर हात झिजतात कशानं, हा प्रश्न ब्रँड यांनी हट्टानं धसाला लावला.

एकदा एका कोठाराचं गंजलेलं कुलूप त्यांना उघडेना. दहा-बारा वर्षांचा एक किडकिडीत रुग्ण मुलगा पुढे आला आणि त्यानं किल्ली झटक्यात फिरवली. एवढी ताकद आली कुठून? ब्रँड यांनी त्याचं बोट पाहिलं. किल्लीनं ते हाडापर्यंत कापलं होतं. मुलाला पत्ताही नव्हता. ताकद तुमच्या-माझ्याही बोटांत तेवढीच असते. फक्त वेदना आपल्याला वेळेवर थांबवते.

आणखी एक कोडं होतं. काही रुग्णांची बोटं रात्रीतून गायब व्हायची, संध्याकाळी धड आणि सकाळी अर्धी! मग रात्रभर पहारा ठेवला, तेव्हा उलगडा झाला. अंधारात उंदीर यायचे, बोट कुरतडायचे, आणि झोपलेल्याला जागच यायची नाही. त्यावरचा उपाय काय निघाला असेल? मांजर पाळा!

मग ब्रँड यांनी निर्णायक गोष्ट केली. तळव्याच्या जुनाट जखमा प्लास्टरमध्ये झाकून टाकल्या. भारतीय उपखंडातल्या कुष्ठरोगाच्या डॉक्टरांनी १९३०च्या दशकातच ही वाट चोखाळली होती. प्लास्टर काढल्यावर आत काय दिसलं? नवी त्वचा. वर्षानुवर्षं न भरलेली जखम भरली होती. म्हणजे मांस नासलेलं नव्हतंच! जखम रोज भरू पाहत होती, आणि रुग्ण रोज तिच्यावरून चालत होता. दुखत नव्हतं, म्हणून चालत होता.

ब्रँड पुढे १९६६ मध्ये अमेरिकेत लुइझियानातल्या कार्व्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे त्यांच्यापुढे मधुमेहींचे पाय आले आणि ओळख पटली: हेच ते तळवे, याच जागच्या जखमा, हेच न दुखणं. कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतू मारतो, साखरही मज्जातंतू मारते. वेगवेगळ्या वाटांनी दोघं एकाच बधिर पायापाशी येऊन ठेपतात. त्या जुन्या श्लोकातले शेजारी पुन्हा भेटले होते. वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या चपलांसाठी वापरलं गेलेलं मऊ एमसीआर रबर आज मधुमेहींच्या चपलांच्या तळाला असतं, ते याच नात्यानं.

आता तळव्याला जखम होते कशी, ते या नजरेनं बघा. खिळा लागतोच असं नाही. निरोगी माणूस चालताना नकळत सतत तडजोड करत असतो. चवडा थोडा शेकला, की भार टाचेकडे. टाच थकली, की बाहेरच्या कडेला. तासभर चाललात तर शेवटचं पाऊल पहिल्यासारखं नसतं. ही तडजोड वेदनेच्या इतक्या बारीक कुजबुजीवर चालते, की आपल्याला ती ऐकूही येत नाही. बधिर पायाला ही कुजबुज पोचत नाही. तो दिवसाची हजारो पावलं नेमकी त्याच हाडावर टाकतो. कातडी बिचारी बचावासाठी घट्टा तयार करते. पण घट्टा म्हणजे बुटात कायमचा बसलेला खडाच! त्याच्याखाली, आतल्या आत, मांस चिरडतं. वरून दिसते फक्त जाड कातडी. मोजून पाहिलं, तर घट्टा नुसता तासून काढल्यावर तिथला दाब पाव भागानं उतरतो. हे काम घरी ब्लेडनं करायचं मात्र नाही. न दुखणाऱ्या पायावर आपला हात कुठे थांबायला हवा, हे आपल्याला कळत नाही. तेच तर सगळं रामायण आहे.

मग वेदना गेलीच आहे, तर कृत्रिम वेदना बसवता येणार नाही का? ब्रँड यांनाही हाच प्रश्न पडला. अभियंत्यांच्या मदतीनं त्यांनी हातमोजे आणि पायमोज्यांत दाब ओळखणारे संवेदक बसवले. दाब धोक्याचा झाला, की कानातल्या यंत्रात आवाज. रुग्णांनी तो कानाआड केला. मग काखेत विजेचा झटका द्यायची सोय केली. झटका बोचायचा, खरा. पण रुग्ण काय करायचे? जोखमीचं काम असलं, की यंत्राचं बटण बंद, काम उरकलं, की पुन्हा चालू! खऱ्या वेदनेला बटण नसतं, म्हणूनच ती वेदना. वर्षानुवर्षांची खटपट सोडून द्यावी लागली. आपण ज्या दुखण्याला शिव्या देतो, त्याच्या तोडीचं यंत्र काही बनलं नाही.

यावरून न दुखणाऱ्या जखमेच्या उपचाराची किल्ली सापडते. वेदना नावाचा पहारेकरी परत आणता येत नाही. मग त्याचं काम वाटून द्यायचं. आणि त्यातलं पहिलं काम सगळ्यात साधं: जखमेवर भार पडू द्यायचा नाही.

त्यासाठी आजही सर्वांत भरवशाचं साधन आहे ते प्लास्टर. हाड मोडलेलं नसतानाही जवळजवळ गुडघ्यापर्यंत, पायाला सगळीकडून टेकेल असं. त्यामुळे भार एका बिंदूवर न पडता पूर्ण तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो. २००१ मध्ये अमेरिकेत एक तुलना प्रसिद्ध झाली. बारा आठवड्यांत प्लास्टरमधल्या जवळजवळ ९० टक्के जखमा भरल्या. काढता-घालता येणाऱ्या खास बुटात मात्र ६५ टक्केच. दोन्ही साधनं दाब तर सारखाच कमी करतात. मग हा फरक कुठून आला?

दोन वर्षांनी उत्तर मिळालं. संशोधकांनी पावलं मोजणारं एक यंत्र रुग्णाच्या कमरेला लावलं आणि दुसरं गुपचूप त्या बुटात बसवलं. दर १०० पावलांतली बूट घालून टाकलेली पावलं होती फक्त २८! बाकीची ७२? रात्री पाणी प्यायला, देवघरात, बाथरूमला, "एवढ्याशासाठी कशाला बूट" म्हणत. तुम्ही-आम्हीही हेच केलं असतं, कारण दुखतच नाही. उपाय काय निघाला? तोच बूट, पण त्याभोवती प्लास्टरच्या पट्टीचे वेढे मारून तो काढता येणार नाही असा करून टाकला. आणि जखमा प्लास्टरइतक्याच छान भरू लागल्या. प्लास्टरची खरी जादू ही, की त्याला बटण नाही.

अर्थात प्लास्टर सरसकट सगळ्यांना नाही. पायाला रक्तच पोचत नसेल, तर गवंडी काम कशावर करणार? म्हणून आधी नाडी आणि डॉप्लर तपासतात, आणि गरज पडली तर अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून पाटाचं पाणी मोकळं करतात. आत पू असेल, तर तो आधी काढावा लागतो. साखर तर आटोक्यात आणायचीच.

दुसरं काम म्हणजे ते बंद पडलेलं घड्याळ चालू करणं. कसं? ऐकायला विचित्र वाटेल, पण जखम पुन्हा ताजी करून! मेलेलं मांस, जंतूंची चादर, कडेचा घट्टा, सगळं खरवडून काढतात. डॉक्टर त्याला डिब्राइडमेंट म्हणतात. तळाला ताजं रक्त दिसलं, की प्लेटलेट धावतात आणि सगळं नाटक पहिल्या अंकापासून सुरू होतं.

हे खरवडण्याचं काम करणारा जगातला सगळ्यात कुशल सर्जन कोण, ठाऊक आहे? अळी! पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, फ्रान्समध्ये विल्यम बेअर या अमेरिकी डॉक्टरांपुढे दोन सैनिक आणले गेले. मांडीचं हाड मोडलेलं, पोटाला जखमा, आणि सात दिवस रणांगणावर अन्नपाण्याविना पडलेले. अशी माणसं वाचत नसत. यांना तापसुद्धा नव्हता. कपडे काढले, तर जखमा अळ्यांनी बुजबुजलेल्या. त्या धुऊन काढल्या, तर खाली गुलाबी, निरोगी मांस. बेअर हे विसरले नाहीत. पुढे बाल्टिमोरमध्ये त्यांनी हाडाच्या जुनाट पूवर अळ्या वापरल्या. ल्युसिलिया सेरिकाटा या हिरव्या माशीची अळी मेलेल्या मांसावर पाचक रस सोडते, ते विरघळवते आणि पिते; जिवंत मांस सोडून देते. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या निर्जंतुक अळ्यांना वापराची परवानगी दिली. घरच्या माशांनी घातलेल्या अळ्या हा मात्र उपचार नव्हे, ते दवाखान्यात धाव घ्यायचं निमित्त आहे.

मग जखम उघडी ठेवून वाळवायची ना? आपल्या आज्यांनी हेच शिकवलं. पण १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवर सारख्या जखमा केल्या, काही उघड्या ठेवल्या आणि काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा लावला. झाकलेल्या जखमांवर त्वचा सुमारे दुप्पट वेगानं आली. असं का? सरपटत निघालेल्या त्या पेशी आठवतात ना? त्यांना ओलावा लागतो. कोरडी खपली म्हणजे वाटेत पडलेली दरड. तिला खालून वळसा घालून जावं लागतं. आजची ड्रेसिंग पट्टी हा ओलावा नेमका राखते, ना चिखल, ना दुष्काळ.

१९९७ मध्ये अमेरिकेत आर्जेंटा आणि मोरिकवास यांनी जखमेत स्पंज ठेवून, वरून प्लास्टिकनं बंद करून, नळीनं हवा ओढून घ्यायची पद्धत मांडली. घाण पाणी निघून जातं, आणि ओढीनं पेशी ताणल्या जातात. ताणलेली पेशी काय करते? दुप्पट व्हायच्या मागे लागते.

आणि एक गोष्ट तर थेट उंदराच्या लाळेतून आली. स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला. उंदराच्या पिल्लांचे डोळे चौदाव्या दिवसाच्या आसपास उघडतात. यांचे सातव्या दिवशीच उघडले! असं त्यात काय होतं? त्वचेच्या पेशींना "वाढा" असं सांगणारं एक इवलंसं प्रथिन, ईजीएफ. या शोधवाटेबद्दल कोहेन यांना १९८६ चं नोबेल रिटा लेव्ही-मोंटालचिनी यांच्यासोबत मिळालं. क्युबानं त्याचं इंजेक्शन मधुमेहींच्या जखमांसाठी २००६ पासून वापरात आणलं, आणि भारतात त्याचं जेल मिळतं. मुकादमाला जो हुकूम द्यायचा सुचत नाही, तो आता ट्यूबमधून पिळता येतो. पण जेल लावून त्याच पायावर चालत राहिलात, तर पुन्हा तेच. दिवसा भिंत, रात्री पाडापाडी.

जखम भरली, आनंद झाला, गोष्ट संपली? नाही. भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरात पुन्हा फुटतात. कारण त्वचा नवी आली, पहारेकरी आलेला नाही. म्हणून तिसरं काम: जखम व्हायच्या आधीच तिची चाहूल घेणं. आणि पाय ती चाहूल देतो, फक्त वेगळ्या भाषेत. चिरडणारं मांस फुटण्याआधी तापतं. इन्फ्रारेड थर्मामीटरनं दोन्ही तळव्यांच्या त्याच-त्याच जागा मोजल्या आणि फरक २.२ अंश सेल्सियसहून जास्त दिसत राहिला, तर तिथे काहीतरी शिजतंय. न दुखता अचानक एक पाय गरम आणि सुजलेला दिसला, तर आणखी जपायचं. आतली हाडं मोडत असू शकतात. पायात २६ हाडं असतात, आणि दुखलं नाही तर त्यांचा चुरा होईपर्यंत माणूस चालत राहतो.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. जगभरातले अंदाज सांगतात, की साधारण दर तीन ते पाच मधुमेहींपैकी एकाला आयुष्यात कधीतरी पायाला अशी जखम होते. म्हणजे हा पाय फार लांब कुठे नाही. तो बहुधा आपल्याच घरात, कोपऱ्यातल्या खुर्चीखाली टेकलेला आहे.

तो बधिर झालाय का, हे कसं कळणार? डॉक्टर नायलॉनची एक तार वापरतात. तळव्यावर टेकवून दाबली, की ती नेमकी १० ग्रॅम भाराला वाकते. दोन चमचे साखरेचं वजन! तेवढा स्पर्श कळला नाही, तर पाय धोक्यात. पण इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये दाखवून दिलं, की पहिल्या चाळणीला तारही लागत नाही. बोट पुरतं. समोरच्याला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, या सहा टोकांना तर्जनीनं एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करा. दाबू नका, घासू नका. दोन किंवा जास्त स्पर्श हुकले, की पाय डॉक्टरांना दाखवायचा.

पायांना बोटानं अलगद स्पर्श! आपल्याला हे नव्यानं शिकावं लागणारच नाही. दिवाळीत, वाढदिवसाला, परीक्षेला जाताना, आपण वाकतोच की. फक्त आपण फार घाईत वाकतो. पुढच्या वेळी जरा रेंगाळा. "आजोबा, डोळे मिटा. आता सांगा, कुठल्या बोटाला हात लावला?" त्यांनी सहाही ओळखली, तर आशीर्वाद घ्या आणि लाडवाकडे वळा, स्वतःच्या. दोन हुकली, तर सण उरकल्यावर लगेच दवाखाना गाठा.

आणि खाली वाकलाच आहात, तर त्यांच्या चपला उलट्या करून बघा. तळातून काही वर आलेलं नाही ना.